गोविंदफळ कोण लावणार?



आषाढी द्वादशीला तुमच्या घरी एकादशी कशाने सुटते? वरण-भात, तूप, एखादे गोड हे सगळीकडे असतेच. पण घरातल्या जुन्या माणसाला विचारा. तो सांगेल, द्वादशीच्या पानात वाघाटीची भाजी लागायची. वाघाटी हा रानातला वेल. काटे वाघनखासारखे वाकडे, फुले पांढरी आणि सुकताना गुलाबी होणारी, फळे लिंबाएवढी हिरवी, पिकली की तांबडी. या फळाला आपल्या लोकांनी नाव दिले गोविंदफळ. ज्या फळाला देवाचे नाव मिळाले, ज्याच्यावाचून पारणे अपुरे मानले गेले, तो वेल आज तुमच्या गावच्या शिवारात कुठे आहे, हे तुम्हाला सांगता येईल का?

मला येत नव्हते. म्हणून हा लेख.

आम्ही पोलादपूरकडचे. आषाढात आमच्याकडे भाताची लावणी असते, त्यामुळे आम्हा कोकणातल्या वारकऱ्यांची मोठी वारी कार्तिकीची. आषाढी आम्ही गुडघाभर चिखलात वाकून करतो. संध्याकाळी देवळात भजन, दुसऱ्या दिवशी पारणे. लहानपणी आजी मला एकादशीलाच राईच्या कडेला पिटाळायची आणि दर वेळी बजावायची, "सगळी तोडू नको रे, चार वेलावर ठेव." मला वाटे, देवासाठी ठेवायला सांगते. ती बियाण्यासाठी ठेवायला सांगत होती, हे कळायला मला साठी ओलांडावी लागली.

गेल्या आषाढात नातवाला घेऊन त्याच जागी गेलो. वेल नव्हता. जिथे होता तिथे आता सभामंडपाच्या पायऱ्या आहेत आणि ठेकेदाराने टाकून दिलेल्या खडीचा ढीग आहे. घाटावरच्या एका ओळखीच्या माणसाकडून पावशेर वाघाटी मागवली. पारणे सुटले, पण घास गोड लागला नाही. कारण तो वेल तोडणाऱ्यांत मीही होतो.

आमचे ग्रामदैवत राईत बसलेले. कौलारू छप्पर, चार माणसे उभी राहतील एवढा गाभारा. काही वर्षांपूर्वी जीर्णोद्धाराचा विचार निघाला. विचार वाईट नव्हता. मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढली, गावाने काढली, तरी स्लॅबला पैसा कमी पडला. तेव्हा बैठकीत कोणीतरी म्हणाले, "देवाची झाडं देवाच्याच कामाला येतील." माना हलल्या. माझीही हलली. लाकूडव्यापाऱ्याने एकरकमी भाव सांगितला आणि तीन आठवड्यांत किंजळ, ऐन, बेहडा, दोन जुने आंबे आणि ज्यांची नावे आमच्यापैकी कोणालाच सांगता आली नाहीत अशी कितीतरी झाडे आडवी झाली. मग कलशारोहणाचा सप्ताह. वीणा माझ्या गळ्यात होती. झाडावेलींना सोयरे म्हणणारा तुकोबांचा अभंग त्या सात दिवसांत तीनदा म्हटला गेला. ज्या फरशीवर बसून आम्ही तो म्हटला, ती फरशी सोयरे विकून आणलेली होती. एकाही टाळकऱ्याचा टाळ अडला नाही.

माउली, आपल्या संप्रदायात एक कथा सर्वांना ठाऊक आहे. ज्ञानोबारायांच्या समाधीत अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली. माउलींनी एकनाथ महाराजांना स्वप्नात दृष्टांत दिला आणि नाथ पैठणहून आळंदीला आले. त्यांनी मुळी दूर केली. झाड तोडल्याचे कोणी सांगत नाही. अजानवृक्ष आजही आळंदीला आहे आणि त्याच्या सावलीत बसून आपण ज्ञानेश्वरीचे पारायण करतो. प्रत्यक्ष माउलींच्या कंठाला मुळी लागली तरी झाड राहिले. आमच्या स्लॅबच्या कोपऱ्याला फांदी लागत होती म्हणून आम्ही झाड पाडले. देहूला वैकुंठगमनाच्या जागी नांदुरकी आहे. बीजेला दुपारी तिच्या पानांकडे डोळे लावून आपण हजारोंनी उभे राहतो. आळंदीचे झाड पवित्र, देहूचे झाड पवित्र, आणि आपल्या गावच्या देवाचे झाड मात्र घनफुटावर मोजायचे, हा न्याय कोणत्या ग्रंथातला?

देवराई ही नुसती भोळी समजूत आहे असे मानणाऱ्यांनीही थोडे ऐकावे. १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ हे पुण्याचे दोन अभ्यासक सह्याद्रीतल्या देवराया पायाखाली घालत होते. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले असताना, जी झाडे आणि वेली इतरत्र दिसत नाहीत त्या या देवाच्या तुकड्यांत टिकून आहेत, असे त्यांनी १९७६ साली लिहून ठेवले. आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या लोकांनी आपली राई तोडीपासून वाचवण्यासाठी धडपड केली, ती याच काळात. त्यांना कोणी पर्यावरण शिकवले नव्हते. गावाचे बारमाही पाणी त्या राईतून येते, एवढे त्यांना माहीत होते. आमच्या देवळामागचा झराही पूर्वी वैशाखात ओला असे. आता शिमग्यानंतर दगड दिसू लागतात. झाडे गेली म्हणूनच तो आटला, असे मी शपथेवर सांगणार नाही. पण राई होती तेव्हा झरा होता, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, आपण झाडे लावतोच की! दिंडीत लावतो, सप्ताहात लावतो, पुण्यतिथीला लावतो.

लावतो, हे खरे. सरकारनेही लावली. २०१६ साली २ कोटींचा संकल्प झाला, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी, २०१९ साली ३३ कोटी. आकडा दरवर्षी वाढला. पिशवीत कोणते रोप आहे, हे विचारणारे मात्र थोडेच निघाले. रोपवाटिकेत जे भराभर उगवते तेच स्वस्त मिळते. गुलमोहर मादागास्करचा. गिरिपुष्प आणि सुबाभूळ मध्य अमेरिकेकडची. ऑस्ट्रेलियन बाभूळ तर नावानेच परकी. या झाडांशी माझे भांडण नाही, बांधावर गिरिपुष्प खताला चांगले. पण सह्याद्रीच्या उतारावर ती लावून फोटो काढायचा आणि खाली सोयरे असे लिहायचे, हा सोयरीक या शब्दाचा अपमान आहे. आमच्याच दिंडीने एका वर्षी शंभर गुलमोहर लावले. पुढच्या आषाढात मोजायला गेलो तेव्हा चौदा होते. आम्ही हळहळलो आणि पुन्हा शंभर आणले. पुन्हा गुलमोहरच.

सोयरा म्हणजे कोण? ज्याचे नाव आपल्याला माहीत असते. ज्याचे घर आपण पाहिलेले असते. ज्याच्या अडीअडचणीला न बोलावता जातो. लग्नाची अक्षत ज्याला नाव घेऊन देतो. "कोणीतरी शंभर पाव्हणे आणा" असे सांगून सोयरीक होत नाही. मग रानातले आपले खरे सोयरे कोण, आणि त्यांच्यापैकी आज अडचणीत कोण आहे, याची विचारपूस व्हायला नको का? चार-पाच जणांची ओळख इथेच करून देतो.

पहिला सीतेचा अशोक. शाळेच्या आवारात सरळसोट उभा असतो तो अशोक वेगळा. सीतेचा अशोक बुटका, पसरट, ओढ्याकाठच्या सावलीत राहणारा. माघ-फाल्गुनात त्याच्या जुन्या फांद्यांवर शेंदरी फुलांचे घोस येतात. त्याची साल स्त्रियांच्या औषधात लागते, म्हणून झाडे सोलली गेली. खरी साल मिळेनाशी झाली तेव्हा व्यापाऱ्यांनी खोट्या अशोकाची साल मिसळायला सुरुवात केली. जगातल्या धोक्यात आलेल्या झाडांच्या यादीत हा अशोक गेला आहे. आणि तो वाढवणे अवघड आहे का? मुळीच नाही. पावसाच्या तोंडाशी शेंगा फुटून बिया खाली पडतात. त्या ताज्या असतानाच सावलीत पेरायच्या. डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवल्या की मेल्या. एवढी एक गोष्ट माहीत नसल्याने किती लोकांनी "अशोक काही रुजत नाही" म्हणून सोडून दिला!

दुसरा नरक्या. पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरच्या दाट रानात शिरलात की हे झाड भेटते. फुलांना दुर्गंधी, म्हणून कोणी जवळ करत नसे. १९६६ साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी एका चिनी झाडातून कर्करोगावरचे एक द्रव्य शोधून काढले. हे मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. पुढे १९७२ साली तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात सापडले. त्यापासून बनलेली औषधे आज अंडाशयाच्या आणि आतड्याच्या कर्करोगावर दिली जातात. ज्याला नरकाचे नाव दिले त्याने माणसे वाचवली. आणि माणसांनी काय केले? झाडे मुळापासून उपटून किलोवर विकली. संत सांगतात की कोणाला हीन लेखू नका. झाडाच्या बाबतीत हा उपदेश इतका शब्दशः खरा ठरेल असे वाटले नव्हते.

तिसरी गारंबी. हा राईतला राक्षसी वेल. खोड माणसाच्या मांडीएवढे जाड, शेंग दोन हातांहून लांब, आणि बी तपकिरी, गुळगुळीत, तळहातात मावेल असे. या बिया ओढ्यातून नदीत, नदीतून समुद्रात जातात आणि दूरदेशच्या किनाऱ्याला लागतात. लहानपणी आम्ही त्या दगडावर घासून एकमेकांना चटके द्यायचो. तेच घासणे रुजवणीचे रहस्य आहे. बीचे कवच इतके टणक, की तसेच पेरले तर पाणी आत जात नाही. एका कडेने दगडावर घासून, रात्रभर भिजवून पेरले की कोंब येतो. पण गारंबीला चढायला मोठे झाड लागते. झाडे विकली की गारंबी न तोडताच गेली. आमच्या राईत ती अशीच गेली.

चौथी कंदीलपुष्पे, ज्यांना ठिकठिकाणी खरपुडी म्हणतात. कड्याच्या कपारीत आणि गवतात पावसाळ्यात उगवणारी नाजूक वेल, फूल कंदिलासारखे. आत उतरलेली माशी केसांच्या जाळीमुळे अडकून राहते. परागाचे काम झाले, केस सुकले की फूल तिला सोडून देते. तिच्या कितीतरी जाती सह्याद्रीखेरीज जगात कुठेच नाहीत. खाली गोडसर कंद असतो आणि गुराखी पोरे तो उकरून खातात. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड यांच्या कड्यांवर राहणारी शिंदळ माकडी हीसुद्धा यांचीच भावकी. एके काळी जगातल्या अत्यंत संकटात असलेल्या मोजक्या वनस्पतींत तिचे नाव घेतले जाई. तिची फांदी तोडून लावली तरी जगते. इतकी जगायला तयार असलेली वनस्पती वणव्याने, चरणाऱ्या शेळ्यांनी आणि हौशी गोळा करणाऱ्यांनी कड्याच्या टोकाला नेऊन ठेवली.

आणि पाचवी आपली वाघाटी. ती जगाच्या यादीत नाही. दुर्मिळ म्हणून तिच्यावर कोणी प्रबंध लिहिणार नाही. पण जी गोष्ट माझ्या गावातून गेली ती माझ्यासाठी नाहीशीच झाली. आधी गावातून जाते, मग तालुक्यातून, आणि यादीत नाव येते तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो.

आता पूर्वपक्ष ऐकू. माझ्याच गावात, माझ्याच पारावर मला विचारलेले प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न: "आपलं काम नामस्मरणाचं. झाडं-वेली हा प्रपंच, त्यात वारकऱ्यानं का पडावं?" ज्याच्या गळ्यात तुळशीच्या काष्ठाची माळ आहे, ज्याच्या घरातल्या मायमाउलीने डोक्यावर तुळस घेऊन वारी केली, त्याने हे विचारावे? एक वनस्पती दारात लावून, रोज पाणी घालून, तिचे लग्न लावून आपल्या पूर्वजांनी ती घरोघरी जपली. तुळस आज दुर्मिळ का नाही? कारण ती प्रत्येक अंगणात आहे. वनस्पती जपण्याची याहून मोठी, याहून जुनी आणि याहून कमी खर्चाची योजना मला तरी माहीत नाही. जे तुळशीला जमले ते अशोकाला आणि गोविंदफळाला का जमू नये? नाम मुखाने घ्यायचे आहे, हात तर मोकळेच असतात.

दुसरा प्रश्न: "हे शास्त्रज्ञांचं आणि सरकारचं काम." शास्त्रज्ञ त्यांचे काम करत आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कड्याकपाऱ्यांतून कंदीलपुष्पांच्या जाती जमवून वाढवल्या. पण उद्यानातले झाड हे आश्रमातल्या पोरासारखे. जीव वाचतो, घर मिळत नाही. घर द्यायचे तर डोंगर लागतो, आणि डोंगरावर मालकी, चराई आणि काडेपेटी आपली आहे. उद्यानातून आणलेले रोप मार्गशीर्षात जगेल आणि फाल्गुनातल्या वणव्यात जळेल. तो वणवा विझवायला विद्यापीठ येणार नाही.

दूर मॉरिशसकडचे एक उदाहरण सांगतो, जिथे आपले मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. मॉरिशसच्या रॉड्रिग्ज बेटावर कॅफे मारॉन नावाचे एक झुडूप नामशेष झाले असे सगळे मानत होते. १९८०च्या सुमारास एका शिक्षकाने वर्गात बेटावरच्या वनस्पती दाखवल्या, आणि एका मुलाने एक फांदी आणून ठेवली. तेच झुडूप! साऱ्या जगात ते एकच उरले होते. बातमी पसरली तशी औषधी समजून लोक त्याच्या फांद्या तोडू लागले. एकामागून एक कुंपणे घालावी लागली. काही फांद्या लंडनच्या क्यू बागेत नेल्या, एक जगली, पण वर्षानुवर्षे बी धरेना. अखेर २००३ साली बी धरले आणि त्याची रोपे परत बेटावर गेली. यातले पहिले काम शास्त्रज्ञाने केले नाही. नाव माहीत असलेल्या एका शाळकरी पोराने केले. आणि झाडाला धोका कोणापासून झाला? ज्यांना ते औषधी आहे एवढेच ठाऊक होते त्यांच्यापासून. अर्धे ज्ञान घेऊन रानात शिरू नये.

तिसरा प्रश्न सर्वांत खरा आहे: "पोट कशावर भरायचं?" महाड-पोलादपूरच्या डोंगरात शेती थोडी, पोरे मुंबईला. मालकीचे रान ठेकेदाराला दिले की मुलीचे लग्न होते, दवाखान्याचे बिल भागते. राबासाठी टहाळ लागतो, चुलीला लाकूड लागते. ज्याची चूल पेटत नाही त्याला मी उपदेश करणार नाही, आणि तुम्हीही करू नका. पण हिशेब मात्र मांडू. पंधरा-वीस वर्षांत वाढलेले रान एकदा विकले की आलेला पैसा एका हंगामात संपतो. हिरडा, बेहडा, कोकम, मध, शिकेकाई देणारे रान दरवर्षी थोडे थोडे देत राहते. रोपवाटिका स्वतःच पोट भरू शकते. देशी, दुर्मिळ रोपांना आज मागणी आहे आणि ती करणारे थोडे आहेत. आमच्या वाडीवरच्या बायकांना बी कधी पडते, कुठे पडते, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक कळते. कातकरी बांधवांना तर रानाचा पानन्‌पान ठाऊक. कोळशाच्या भट्टीवर राबणारे तेच हात रोपे वाढवू शकतात, त्या ज्ञानाला मजुरी दिली तर. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो. आमची राई कोण्या गरिबाने चुलीसाठी तोडली नाही. ती आम्ही फरशीसाठी विकली.

चौथा प्रश्न: "मग देऊळ बांधायचंच नाही का?" बांधा. पण राईत देव बसला होता तेव्हा राई हेच देऊळ होते. युगानुयुगे विटेवर उभ्या असलेल्या देवाचे आपण भक्त. त्याने स्वतःसाठी विटेपेक्षा जास्त काही मागितलेले नाही. सभामंडप आपल्याला हवा असतो, तेव्हा त्याचा खर्च आपल्या खिशातून करावा. देवाच्या राईतून करू नये.

आता काय करायचे ते सांगतो. सप्ताहात अन्नदानाच्या पंगती ठरतात, कीर्तनकार ठरतात, विणेकऱ्यांचे पहारे ठरतात. त्याच बैठकीत आणखी एक पहारा ठरवा: बियांचा. गावच्या राईतून आणि रानातून पाच नावे निवडा. पाचच. म्हाताऱ्या माणसांना विचारून निवडा. झाड फुलते कधी, बी पडते कधी, लिहून ठेवा. बी एकाच झाडाचे घेऊ नका. जमतील तितक्या झाडांचे घ्या, म्हणजे पुढची पिढी एकाच घरातली होणार नाही. पाचातले एक बी घ्या, चार रानाला, पाखरांना आणि खारींना ठेवा. माझ्या आजीचा नियम यापेक्षा वेगळा नव्हता. रानातले रोप उपटून आणू नका. ती चोरी आहे, आणि निम्मी रोपे मरतात. परजिल्ह्यातले बी आणून आपल्या राईत मिसळू नका.

रोप देवळाच्या मागे, झाडाच्या सावलीत वाढवा. राईतल्याच पालापाचोळ्याची माती वापरा. एका पावसाचे रोप लावायची घाई करू नका, दोन पावसाळे पिशवीत काढू द्या. मृगाचा पाऊस स्थिर झाला की लावा. अशोक ओढ्याकाठी, गारंबी मोठ्या झाडाच्या पायथ्याशी, वाघाटी कुंपणाच्या कडेला. सड्यावर, कातळावर, गवताळ माथ्यावर मात्र खड्डे मारू नका. तिथे झाड नाही म्हणजे जागा रिकामी आहे असे नाही. कासचे पठार २०१२ साली जागतिक वारशात गेले ते झाडांमुळे गेले नाही, गवतातल्या फुलांमुळे गेले. कंदीलपुष्पांचे घर तेच. आणि लावून झाल्यावर तीन उन्हाळे पहारा. पौषातच राईभोवती गवत कापून जाळरेषा काढा. वणवा लावणारा माणूस गावाला बहुतेक ठाऊक असतो. त्याला सप्ताहाला बोलवा, नारळ द्या आणि सर्वांदेखत विचारा. नवी रोपे लावण्याआधी उभी राई वाचवायची, हा क्रम विसरू नका. तोडलेली राई रोपांनी भरून निघायला आपल्या पतवंडांचा काळ यावा लागेल.

एक कागदी कामही करा. २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या पंचायतीत ती वही मागा. उघडून पाहा. आपल्या राईचे नाव त्यात आहे का? वाघाटी आहे का? नसेल तर पुढच्या ग्रामसभेला घाला. हरिपाठ पाठ असलेल्या माणसाला पन्नास झाडांची नावे लिहून देणे जड नाही.

शेवटी एक गोष्ट दबक्या आवाजात बोलतो. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही तोच घाला पडला. त्यात वारकरी होते, माळकरी होते, आपल्या पंगतीला बसलेली माणसे होती. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हा "झाडे असती तर हे झाले नसते" असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका. गेलेल्यांच्या नावावर कोणी आपले मत खपवू नये, मीही नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की त्या रात्रीपासून आपण डोंगराकडे भीतीने पाहतो. पूर्वी आपण त्याच्याकडे ओळखीने पाहत होतो. कोणता ओढा कधी फुगतो, कोणत्या उतारावर कोणते झाड आहे, कोणती जागा फुटली आहे, हे गुराख्यालाही सांगता येई. ती ओळख परत यायची असेल तर डोंगरावर पुन्हा जावे लागेल, बी वेचायला आणि रोपे पाहायला. भजन म्हणत जा, कोणी अडवणार नाही.

मी काय केले ते सांगून थांबतो, कारण स्वतः न करता सांगणाऱ्याला तुकोबांनी काय म्हटले असते ते मला माहीत आहे. घाटावरून आलेल्या त्या पावशेर वाघाटीत बी धरलेले एकही फळ नव्हते, सगळी कोवळी. शिवाय परमुलुखातले बी लावायचे नाही हे वर मीच सांगितले आहे. म्हणून शोध घेतला. शेजारच्या वाडीत एका विधवा बाईच्या परसाच्या कुंपणाला एक वेल निघाला. तिला म्हटले, "आक्का, यंदा चार फळं पिकू देशील का?" ती म्हणाली, "मी दर सालीच ठेवते की. तुम्हीच विचारायला आला नाहीत." भाद्रपदात तिने तांबडी झालेली तीन फळे माझ्या ओंजळीत ठेवली. गर धुऊन तेवीस बिया पेरल्या. सात उगवल्या. दोन गोगलगायींनी खाल्ल्या. पाच आहेत, वीतभर, काटे आताच टोचू लागलेत.

त्यातले एक राईत त्याच पायऱ्यांच्या बाजूला लागेल. खडीचा ढीग मी आणि नातू मिळून उचलतो आहोत, रोज दोन घमेली. एक रोप आक्काला परत जाईल. उरलेली तीन कोणाला द्यायची, याचा विचार चालू आहे. महाड-पोलादपूरच्या ज्या गावचे विणेकरी येऊन सांगतील की आमच्या बैठकीत बियांचा पहारा ठरला, त्यांना ती मिळतील. फोटो काढायला येणाऱ्यांनी येऊ नये.

रामकृष्णहरि.